समुद्र मागे हटलेल्या गावातले पब

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, ईस्ट ससेक्स परगण्यात, राय नावाचे एक लहान गाव आहे. रॉदर, टिलिंगहॅम आणि ब्रीड या तीन नद्या जिथे जवळ येतात तिथल्या टेकाडावर ते वसले आहे. वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. माथ्यावर सेंट मेरीचे चर्च आहे. चर्चभोवती गोट्यांची फरसबंदी असलेल्या उतरत्या गल्ल्या आहेत आणि त्या गल्ल्यांमध्ये, सहज पायी फिरता येईल एवढ्या अंतरात, मर्मेड, ओल्ड बेल, जॉर्ज, स्टँडर्ड, शिप, क्वीन्स हेड, ईप्र कॅसल अशा नावांची जुनी मद्यगृहे. एवढ्याशा गावात इतकी मद्यगृहे आली कुठून, याचे उत्तर गावकऱ्यांच्या तहानेत फारसे सापडत नाही. ते बंदरात आणि लंडनला होणाऱ्या कायद्यांत सापडते.

मध्ययुगात समुद्राचे पाणी टेकाडाच्या पायथ्याशी होते. 1287च्या प्रचंड वादळाने या किनाऱ्याचा नकाशाच बदलला. रॉदर नदीचे जुने मुख बुजले आणि ती रायजवळून समुद्राला मिळू लागली. त्यामुळे रायचे बंदर वाढले. राजाला गरजेला जहाजे आणि खलाशी पुरवायचे आणि त्या बदल्यात करांतून सूट मिळवायची, अशी ‘सिंक पोर्ट्स’ या बंदरसंघाची रीत होती. राय त्या संघात सामील होते. बंदर म्हटले की भरतीची वाट पाहणारे खलाशी आले, माल उतरवणारे हमाल आले, फ्रान्सला निघालेले व्यापारी आणि यात्रेकरू आले. या सगळ्यांना खायला, प्यायला आणि पाठ टेकायला जागा हवी होती.

त्या काळी अशा जागा तीन प्रकारच्या असत. सगळ्यात साधे ते एलहाऊस. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, गरम पाण्यात मुरवून तो अर्क आंबवला की ‘एल’ तयार होई. घरची बाई ती करी, आणि घरात लागून उरलेली शेजारपाजाऱ्यांना विकी. नवी एल तयार झाली की दारावर झुडपाची फांदी बांधलेला दांडा बाहेर काढायचा, एवढीच जाहिरात. दुसरा प्रकार टॅव्हर्न. तिथे परदेशी वाइन मिळे, त्यामुळे गिऱ्हाईक पैसेवाले. तिसरा इन, म्हणजे आपल्याकडच्या सराईसारखा: वर निजायच्या खोल्या, मागे तबेला, खाली जेवणघर. 1577 साली सरकारने देशातल्या बऱ्याचशा परगण्यांत अशा जागांची मोजदाद करवली. त्यात 14,202 एलहाऊस, 1,631 इन आणि अवघी 329 टॅव्हर्न भरली. आज ‘पब’ या एका नावाखाली या तिघांची वंशावळ एकत्र झाली आहे. रायमधल्या प्रसिद्ध जागा मात्र मुख्यतः इनच्या वंशातल्या आहेत. गरिबांची एलहाऊस कुडाच्या घरात चालायची. घर पडले की त्यांचा मागमूसही उरत नसे.

एल विकण्यावर सरकारची नजर फार आधीपासून होती. 1266-67च्या सुमारास निघालेल्या फर्मानाने पाव आणि एल यांचे भाव धान्याच्या भावाशी बांधले. गावोगाव चव घेऊन दर्जा आणि माप तपासणारे पंच नेमले गेले. दंडाच्या नोंदींत बायकांची नावे मोठ्या संख्येने दिसतात, कारण हा धंदाच मुळात त्यांचा होता. तो त्यांच्या हातून जायला कारण झाली एक वेल. हॉप या वेलीची कडवट फुले घातलेली बिअर चौदाव्या शतकापासून नेदरलँड्सकडून इंग्लंडच्या पूर्व आणि आग्नेय बंदरांत येऊ लागली. साधी एल काही दिवसांतच आंबट होई, हॉपची बिअर आठवडेच्या आठवडे टिके. टिकणारी वस्तू साठवता येते आणि दूर धाडता येते. पण त्यासाठी मोठी भांडी, पिंपे आणि भांडवल लागते. त्यामुळे चुलीवरचा हा जोडधंदा हळूहळू कारखानदार पुरुषांकडे गेला. पुढे केंट आणि पूर्व ससेक्स हा भाग हॉपच्या मळ्यांसाठीच ओळखला जाऊ लागला, आणि राय त्याच्या अगदी काठावर आहे.

1377 साली फ्रेंचांनी हल्ला करून राय जाळले. घरे बहुतेक लाकडाची असल्याने गाव जवळजवळ संपूर्ण बेचिराख झाले आणि चर्चच्या घंटाही हल्लेखोरांनी पळवल्या. दुसऱ्या वर्षी राय आणि शेजारच्या विंचेलसीच्या लोकांनी नॉर्मंडीवर उलटा छापा घालून त्या परत आणल्या. मर्मेड इन आपले तळघर 1156चे असल्याचे सांगते, आणि वरची इमारत आगीनंतर 1420मध्ये नव्याने उभी राहिल्याचे. ओल्ड बेल 1390 हे साल लावते. पबच्या पाटीवरची साले जरा बेतानेच घ्यावी लागतात. इमारत जुनी असते, पण तिथे दारू तेव्हापासून अखंड विकली गेली असा त्याचा अर्थ होत नाही. मर्मेडच्या बाबतीत तर तो अजिबातच होत नाही, हे पुढे येईल.

इमारतीची जुनाई मात्र पाहताक्षणी पटते. जाडजूड ओकच्या तुळयांचा सांगाडा, मधल्या रिकाम्या चौकटींत काटक्यांची वीण आणि तिच्यावर मातीचा गिलावा, अशी ही बांधणी. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे, रस्त्यावर झुकलेला. ओल्या ओकचे लाकूड वाळता वाळता पीळ घेते, म्हणून शतकांनंतर जमिनी उतरत्या झाल्या आहेत आणि दाराच्या चौकटी काटकोन विसरल्या आहेत. तळमजल्यावरच्या बारमधली शेकोटी इतकी प्रशस्त आहे की तिच्या तोंडाशी माणसे आरामात उभी राहू शकतात. ज्या मर्मेड स्ट्रीटवर हे इन आहे ती गल्ली धक्क्याकडून गावात येण्याची मुख्य वाट होती. जहाजातून उतरलेल्या माणसाला ही पाटी चुकणे कठीण होते. पाटीवर अक्षरांऐवजी चित्र असे, कारण वाचता येणारे थोडे. जलपरी, घंटा, जहाज ही नावे त्या चित्रांवरूनच रुळली.

1552च्या कायद्याने एलहाऊस चालवायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला. इंग्लंडातल्या मद्यपरवान्याची परंपरा इथून सुरू होते. सोळावे शतक रायच्या भरभराटीचे होते. 1573मध्ये पहिली एलिझाबेथ राणी गावाला भेट देऊन गेली. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली होती, आणि जीव वाचवून आलेले ह्यूगनॉ निर्वासित शेकड्यांनी रायला उतरले होते. चर्चजवळच्या फ्लशिंग इनचे नाव डच बंदर व्लिसिंगेनच्या इंग्रजी नावावरून आलेले आहे. तिथे सोळाव्या शतकातले एक मोठे भित्तिचित्र सापडले, वेलबुट्टी आणि पशुपक्ष्यांचे. गावात त्या वेळी किती पैसा खेळत होता याची त्यावरून कल्पना येते.

पण गाळ साचतच होता. आजूबाजूची दलदल बांध घालून शेतीखाली आणली तसा भरती-ओहोटीचा जोर कमी झाला आणि नद्यांची मुखे बुजू लागली. मोठी जहाजे येईनाशी झाली. अठराव्या शतकात अनेक दशके खर्च करून नवे बंदर खोदले, ते 1787मध्ये उघडले आणि काही महिन्यांतच सोडून द्यावे लागले. सरळ व्यापार आटला तेव्हा या किनाऱ्याने वाकडा व्यापार धरला.

रायच्या पूर्वेला पसरलेली रॉम्नी मार्श ही सपाट पाणथळ भूमी मेंढ्यांची. देशातल्या विणकरांना स्वस्तात माल मिळावा म्हणून लोकर परदेशी नेण्यावर बंदी होती. 1662च्या कायद्याने तर त्यासाठी फाशी ठेवली होती, तरीही रात्रीच्या काळोखात लोकर फ्रान्सला जातच राहिली. अठराव्या शतकात उलट दिशेने चहा, ब्रँडी, जिन, तंबाखू आणि लेस येऊ लागले. यातला चहा सर्वांत फायद्याचा. कायदेशीर चहा आणण्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि त्यावर जबर कर होता. हॉलंड-फ्रान्समध्ये तोच चिनी चहा निम्म्याहून कमी भावात मिळे. वजनाला हलका, लपवायला सोपा, खपायला हमखास. शेतमजुराला एका रात्रीच्या हमालीत आठवड्याच्या मजुरीएवढे पैसे मिळत, आणि गावातल्या प्रतिष्ठितांच्या घरीही तोच चहा उकळत असे. त्यामुळे कोणी कोणाचे नाव घेत नसे.

या धंद्यात पबला आपसूक महत्त्व आले. मालाची वाटणी, घोड्यांची सोय, निरोपांची देवघेव आणि उधारीचे हिशेब हे सगळे तिथे होई, शिवाय चोरट्या ब्रँडीचे पहिले गिऱ्हाईक पबवालाच. रायपासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या हॉकहर्स्ट गावची टोळी 1735 ते 1749 या काळात या सगळ्या किनाऱ्यावर दहशत बसवून होती. विल्यम हॉलोवे यांनी 1847मध्ये रायचा इतिहास लिहिला. त्यांनी नोंदवलेल्या आठवणीप्रमाणे, माल उतरवून झाला की ही माणसे मर्मेडच्या खिडकीशी भरलेली पिस्तुले टेबलावर मांडून उघड्यावर पीत बसत, आणि एकाही न्यायाधीशाची हटकायची छाती होत नसे. 1747मध्ये या टोळीने डॉर्सेटमधल्या पूल बंदराच्या कस्टम हाऊसवर धाड घालून जप्त झालेला आपला चहा सोडवून नेला. पुढच्या वर्षी एक जकात कर्मचारी आणि एक साक्षीदार यांचे हाल हाल करून खून केले. तेव्हा मात्र लोकमत फिरले. 1749मध्ये टोळीच्या म्होरक्यांना फाशी झाली.

ओल्ड बेलमध्ये फिरते कपाट होते, तिथून मर्मेडपर्यंत भुयार होते, असे रायमध्ये सांगतात. पर्यटकांना अशा गोष्टी आवडतात आणि पबवाल्यांनाही. पण इथल्या खऱ्या भूगोलात त्याहून मजेदार गोष्ट आहे. धक्क्यावरचे शिप इन, ज्याची इमारत 1592ची मानतात, एके काळी चोरट्यांकडून जप्त केलेला माल ठेवायचे गोदाम होते. माल जिथे वाटला जाई ते घर आणि पकडलेला माल जिथे कोंडला जाई ते घर, दोन्ही एकाच उतारावर. चोरटा व्यापार शेवटी मोडला तो फाशीपेक्षा हिशेबाने. 1784मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटने चहावरचा कर 119 टक्क्यांवरून 12.5 टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहातला नफाच नाहीसा झाला. या साऱ्या किनाऱ्याला साहित्यात नेले ते मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने. आयुष्याचा उत्तरार्ध त्याने इथून फार दूर नसलेल्या बरवॉश गावात काढला आणि चोरट्यांवरची त्याची प्रसिद्ध कविता 1906च्या ‘पक ऑफ पूक्स हिल’मध्ये आली.

रायच्या पबांशी जोडलेली सर्वांत गाजलेली घटना मात्र चोरट्यांची नाही. जॉन ब्रेड्स हा खाटीक फ्लशिंग इनही चालवत असे. मांसाच्या मापात मारल्याबद्दल मेयर जेम्स लँब यांनी त्याला दंड केला होता, त्याचा राग त्याने मनात धरला. 1743च्या मार्चमध्ये लँब यांना एका जहाजावर रात्रीच्या मेजवानीचे बोलावणे होते. प्रकृती बरी नसल्याने त्यांनी मेहुणे ॲलन ग्रेबेल यांना पाठवले आणि थंडीसाठी आपला झगा दिला. परतताना चर्चच्या आवारात ब्रेड्सने झगा ओळखून सुरा खुपसला. माणूस चुकला होता. खटला चालला तेव्हा न्यायासनावर बसले स्वतः लँब, म्हणजे ज्यांच्या जिवावर तो उठला होता तेच. ब्रेड्सला फाशी दिले गेले आणि देह लोखंडी पिंजऱ्यात घालून गावाबाहेरच्या दलदलीत टांगला. संधिवातावर औषध म्हणून लोकांनी त्याची हाडे एकेक करून नेली. कवटी आणि पिंजरा अजून नगरभवनात आहेत.

याच शतकात मर्मेडचे दिवस फिरले. धक्क्याकडून येणारी वाट ओस पडली आणि रहदारी माथ्यावरच्या हाय स्ट्रीटकडे सरकली. तिथे 1719च्या सुमारास जॉर्ज इन आले, घोडागाड्यांचा थांबा बनले, आणि 1818मध्ये त्याला नाचसमारंभाचा मोठा दिवाणखाना जोडला गेला. मर्मेड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इन म्हणून बंद झाले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ती नुसती राहती घरे होती. इंग्लंडातल्या सर्वांत प्रसिद्ध जुन्या इनांपैकी एकाच्या चरित्रात मधला एवढा मोठा काळ बिनदारूचा आहे.

एकोणिसाव्या शतकातला मोठा बदल लंडनहून आला. 1830च्या बिअरहाऊस कायद्याने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून घरात बिअर विकण्याची मुभा दिली. न्यायाधीशांचा परवानाही लागेना. लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावे आणि मोठ्या दारूकारखान्यांची मक्तेदारी मोडावी, असा हेतू. पहिल्या सहा महिन्यांत देशभर 24,000च्या घरात बिअरहाऊस उघडली. राहत्या घराची पुढची खोली, दोन बाके आणि एक पिंप एवढ्यावर दुकान सुरू होई. मक्तेदारी मात्र मोडली नाही. कारखानदारांनी अडचणीतल्या पबवाल्यांना कर्जे दिली, मग पबच विकत घेतले, आणि आपलीच बिअर ठेवायची अट घातली. ‘टाय’ म्हणतात ती ही पद्धत. लुईस गावची 1790मध्ये स्थापन झालेली हार्वीज आणि केंटमधली शेफर्ड नीम यांची नावे या भागातल्या पबांच्या पाट्यांवर दिसतात ती त्यामुळेच. 1869मध्ये बिअरहाऊसेही पुन्हा न्यायाधीशांच्या ताब्यात गेली.

पबचे आजचे रूपही याच शतकात घडले. आधी पोरगा तळघरातून सुरईत बिअर भरून आणी. जोसेफ ब्रामाने 1797मध्ये एकस्व घेतलेल्या हातपंपामुळे तिथली बिअर थेट वर खेचता येऊ लागली, आणि पंप बसवायला लांब गल्ला आला. तळघराचे काम मात्र फारसे बदललेले नाही. खऱ्या पिंपातली एल पाश्चराइज केलेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असते आणि आंबणे तिथेही चालू राहते. सुमारे 41 लिटरचे म्हणजे 72 पाइंटांचे पिंप आडवे ठेवतात. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जास्तीचा वायू जाऊ देतात, नंतर घट्ट लाकडाची खुंटी बसवतात. तापमान 11 ते 13 अंश सेल्सियस. गाळ तळाशी बसावा म्हणून माशाच्या वायुपिशवीपासून केलेला चिकट द्रव घालतात. ही पिशवी म्हणजे मुंबईच्या कोळ्यांचे भोत. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून अशी सुकवलेली भोते विलायतेला जात आणि तिथल्या बिअर गाळणाऱ्यांच्या उपयोगी पडत. पिंप एकदा उघडले की तीनेक दिवसांत संपवावे लागते. गावातल्या पबची बिअर चांगली की वाईट हे कारखान्याइतकेच तळघरातल्या माणसाच्या हातावर ठरते.

1851मध्ये रेल्वे आली. चित्रकार आले, सुट्टी काढणारे आले, 1894मध्ये गोल्फ क्लब निघाला. दूर गेलेल्या समुद्राकाठी राय हार्बर नावाची वेगळी वस्ती झाली, तिच्यात विल्यम द कॉन्करर आणि क्रिमियाच्या युद्धातल्या एका लढाईचे नाव घेतलेले इंकरमन आर्म्स असे पब आहेत. 1897मध्ये अमेरिकी कादंबरीकार हेन्री जेम्स याने लँब कुटुंबाचे जुने घर भाड्याने घेतले आणि लेखकांची ये-जा सुरू झाली. 1913मध्ये मर्मेडची इमारत मे ॲल्डिंग्टन या लेखिकेने, म्हणजे कवी रिचर्ड ॲल्डिंग्टनच्या आईने, घेतली आणि तिथे क्लब सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात तिथे कॅनडाचे लष्करी अधिकारी बसत.

रायच्या पबांना ‘जुने’ रूप आले ते या काळात. अठराव्या शतकातल्या लोकांना उघड्या तुळया गावंढळ वाटत, म्हणून त्यांनी त्या विटा, कौले आणि गिलावा यांखाली झाकल्या होत्या. विसाव्या शतकाने त्या पुन्हा उघड्या केल्या, काळ्या रंगवल्या आणि मधल्या भिंती पांढऱ्या केल्या. आज छायाचित्रात जे दिसते त्यात पंधराव्या शतकाचे लाकूड आहे आणि विसाव्या शतकाची आवड आहे. मुळात एवढे लाकूड उरले ते गाव गरीब झाले म्हणून. बंदर चालू राहिले असते तर श्रीमंत व्यापाऱ्यांनी या जागी कधीच दगडी इमारती उठवल्या असत्या.

कायदे मात्र आकसत गेले. 1904च्या कायद्याने ‘गरजेपेक्षा जास्त’ ठरलेले पब भरपाई देऊन बंद करायची सोय केली, आणि भरपाईचा निधी उरलेल्या पबांकडूनच वसूल झाला. पहिल्या महायुद्धात कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला. युद्ध संपले, नियम 1988पर्यंत राहिला. 1989मध्ये सरकारने बड्या कारखान्यांना आपल्या पबांपैकी बरेचसे मोकळे करायला लावले, पण ते स्वतंत्र चालकांऐवजी मोठ्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले. 1 जुलै 2007पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपानबंदी लागू झाली. दुकानातली स्वस्त बिअर, वाढलेली भाडी आणि कर यांमुळे देशभर हजारो पब बंद पडले. रायमधले बरेचसे टिकले ते जेवण आणि मुक्कामाच्या उत्पन्नावर, म्हणजे जुन्या इनच्याच धंद्यावर. 2019च्या जुलैमध्ये जॉर्ज आगीत होरपळले, पण दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले. ईप्र कॅसलला, ज्याला गावकरी ‘वायपर्स’ म्हणतात, अजूनही स्थानिक लोक गप्पांना येतात.

उलट टोकाला साध्या बिअरघराचा प्रकारही परतला आहे. 2005मध्ये शेजारच्या केंटमध्ये हर्न गावी एका जुन्या खाटकाच्या दुकानात पहिला ‘मायक्रोपब’ सुरू झाला: एक खोली, थोडी बाके, पिंपातली एल, संगीत नाही. रायमध्ये गावच्या जुन्या पाणीपुरवठ्याच्या इमारतीत 2018मध्ये असा एक पब निघाला. 2017पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचे दुकान-घर करायला नियोजन परवानगी लागते, आणि रायमधल्या बहुतेक जुन्या पबांच्या इमारती वारसा यादीत असल्याने त्यांच्या खिडक्या बदलायलासुद्धा वेगळी मंजुरी घ्यावी लागते.